अपरिहार्य कारणास्तव

सकाळी सात वाजता प्रभागाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर संदेश पडतो. 'अपरिहार्य कारणास्तव घंटागाडी पुढील सूचनेपर्यंत बंद राहील. नागरिकांनी सहकार्य करावे.' खाली जोडलेले दोन हात. त्याखाली कुणाचं तरी गुलाबासकट 'शुभ सकाळ', कारण ग्रुप शेवटी ग्रुपच असतो. मग एखादा चुकून विचारतो, 'कारण काय?' लगेच ॲडमिन ग्रुपला कुलूप लावतो. आता लिहील तर ॲडमिनच. झालं, नागरिकांचं सहकार्य सुरू.

हे धाराशिव जिल्ह्यातल्या लोहाऱ्याचं आहे, वाशीचं आहे की आणखी कुठलं, असं विचारू नका. मी लोहाऱ्यात बसून लिहितोय, एवढाच लोहाऱ्याचा दोष. ज्याच्या दारापुढं ढीग असेल त्यानं हे आपल्या गावाचं समजावं. ज्याच्या दारापुढं नसेल त्यानं आपल्या नगरपंचायतीचा सत्कार ठेवावा. शाल माझ्याकडून.

पण 'अपरिहार्य' काय असतं, ते निदान या तालुक्याला कुणी शिकवू नये. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून लोक झोपलेले. पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी जमीन हलली. ज्या किल्लारीच्या नावानं तो भूकंप ओळखतात ते गाव लातूर जिल्ह्यात, पण सास्तूर आपल्याच तालुक्यातलं. दोन्ही जिल्ह्यांत मिळून आठ हजारांच्या आसपास माणसं गेली, बावन्न गावं उठवून दुसऱ्या जागी वसवावी लागली. त्या पहाटेची तारीख कुठल्याच पंचांगात नव्हती. सफाईच्या ठेक्याची मुदत कधी संपते, ते मात्र करारनाम्यातच छापलेलं असतं. त्यावर सही-शिक्का असतो. आणि तरीही ती मुदत संपते तेव्हा कार्यालयात असे चेहरे होतात, जणू भिंतच अंगावर आली.

गाडी नेमकी का थांबते ते एकदा बघाच. ठेका संपला. नवी निविदा काढली, एकच आली, म्हणून फेरनिविदा. फेरनिविदा उघडायच्या आत आचारसंहिता. आचारसंहिता उठली तोवर मुख्याधिकारी बदलून गेले. नवे आले, तर त्यांच्याकडे दुसऱ्या गावाचाही पदभार, इकडं ते आठवड्यातून दोन दिवस. ठेका चालू असेल तर देयक थकलेलं. देयक निघालं तर ठेकेदारानं पोरांचा पगार केलेला नाही. पगार झाला तर पंपावरची उधारी. उधारी फिटली तर टायर. टायर बसला तर पाऊस, आणि डंपिंगच्या वाटेवर गाडी रुतली. यातलं एकही कारण आभाळातून पडलेलं नाही. पाऊस पडतो आभाळातूनच, मान्य आहे. पण तो जूनमध्ये येतो, ही माहिती नगरपंचायत स्थापन व्हायच्या आधीपासून गावात उपलब्ध आहे.

माझी तक्रार गाडी बंद पडते याबद्दल नाही. यंत्र आहे, बंद पडणारच. माणसं आहेत, पगार नाही मिळाला तर बसणारच. तक्रार अशी की जे बंद पडणार हे वर्षभर आधी कळतं, त्याची कुणीच तयारी करत नाही, आणि बंद पडलं की त्याला दैवाचा कोप म्हणून हात जोडले जातात.

२०१४ साली राज्य सरकारला वाटलं, तालुक्याच्या ठिकाणी ग्रामपंचायत शोभत नाही, तिथं नगरपंचायत हवी. मग राज्यभर तालुक्यांच्या गावांत पाट्या बदलल्या. लोहाऱ्याचीही बदलली. सरपंचाच्या जागी नगराध्यक्ष, ग्रामसेवकाच्या जागी मुख्याधिकारी, सतरा प्रभागांचे सतरा नगरसेवक. गाव होतं तेवढंच, गल्ल्या होत्या तेवढ्याच अरुंद. शहरी चाल पहिली धरली ती घरपट्टीनं.

त्याआधी कचरा उचलण्यात खंड पडत नसे, कारण उचलायलाच कुणी येत नसे. घरामागं नाहीतर गावकुसाला ज्याचा त्याचा उकिरडा. चुलीतली राख, शेण, शेंगांची टरफलं, जनावरांपुढचं चघळ. पेरणीच्या आत सगळं बैलगाडीनं शेतात. उकिरड्याच्या हातभर जागेवरून भावकीत डोकी फुटायची, इतका तो मोलाचा. आता त्याच जागेवर गुटख्याच्या पुड्या, डायपर, चहाचे कागदी कप आणि कुणाच्या तरी लग्नातल्या थर्माकोलच्या पत्रावळ्या. थर्माकोलवर आणि प्लास्टिकवर राज्यात २०१८ साली बंदी आली. बंदीची बातमी छापलेला पेपर रद्दीत गेला, पत्रावळ्या इथंच आहेत. असलं खत शेतकऱ्याला फुकट द्या, वर गाडीभाडं द्या, तो नेणार नाही. म्हणून गाडी लागते. गावानं स्वतःची सोय मोडून ती गाडीच्या हवाली केली, तेव्हा गाडी थांबल्यावर काय, हा प्रश्न त्याच दिवशी सोडवायला हवा होता. बारा वर्षांनी उकिरड्याचंही नशीब उघडतं म्हणतात. स्वच्छ भारत अभियान २ ऑक्टोबर २०१४ ला सुरू झालं. बारा वर्षांचा हिशेब उकिरड्यानं आता स्वतःच मांडावा.

थोडी अंकगणिताची शिक्षा. छोट्या गावात माणशी रोजचा पाव किलो कचरा धरतात. वस्ती पंधरा हजार धरू. म्हणजे दिवसाला पावणेचार टन. आपण ज्याला छोटा हत्ती म्हणतो त्या गाडीत पाऊण टन मावतो. रोजच्या पाच खेपा. आता गाडी आठ दिवस थांबली असं समजा. तीस टन साचले. चाळीस खेपा. नवव्या दिवशी गाडी येते, घंटा वाजते, सगळे खूश. पण त्या दिवशीही ताजा पावणेचार टन कचरा आहेच, त्याच्या पाच खेपा आहेतच. जुन्या चाळीस कधी मारायच्या? रोज दोन जादा मारल्या तरी वीस दिवस. त्या जादा खेपांचं डिझेल कोण देणार? ठेक्यात तसं कलम नाही. मग जुना ढीग तसाच राहतो. त्याच्याकडं बघून लोकांना कळतं की इथं टाकलं तर चालतं. महिन्याभरात ती जागा कायमची होते. तुमच्या गावात कोपऱ्याकोपऱ्यावर जे ढीग आहेत, त्यातले निम्मे कधीतरी झालेल्या कामबंदचे वारस आहेत. बंद मिटला, पोरांना पगार मिळाला, ढिगाचा निकाल मात्र कुणी लावला नाही.

अशा दिवसांत घंटागाडीच्या मुकादमाला गाठणाऱ्या मावशी प्रत्येक गावात असतात.

"काय ओ मुकादम, गाडी कवा यायची?"

"टेंडर संपलंय मावशी."

"टेंडर संपलंय, मग आमचा कचरा का संपंना?"

यावर कुठल्याही शासन निर्णयात उत्तर नाही.

मराठवाड्यात या विषयाची मोठी शाळा भरली ती २०१८ साली, तेव्हाच्या औरंगाबादेत, आताच्या छत्रपती संभाजीनगरात. शहराचा रोजचा चारशे टनांवर कचरा तीस वर्षांहून जास्त काळ नारेगावला नेऊन ओतला जात होता. नारेगाव-मांडकीच्या लोकांनी निवेदनं दिली, आंदोलनं केली, मुदत दिली. महापालिकेनं मुदत घेतली. मुदत घेणं हे आपल्याकडं काम केल्यासारखंच धरतात. १६ फेब्रुवारी २०१८ ला गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या, त्या अडवल्याच. पुढं हायकोर्टाच्या खंडपीठानंही नारेगावला कचरा टाकायला मनाई केली. आता एवढं मोठं शहर, पर्यटनाची राजधानी म्हणवणारं, आणि रोजचा कचरा ठेवायला त्याच्याकडं दुसरी जागा नाही.

मग महापालिका नवं नारेगाव शोधायला निघाली. आज या गावाची गायरान जमीन, उद्या त्या गावाची खदान. ज्या गावाच्या वेशीवर गाड्या जात, तिथं लोक आधीच उभे. शहरानं कचरा करायचा आणि खेड्यानं तो सांभाळायचा, हा हिशेब खेड्यांना एकदम मान्य होईनासा झाला. त्यात चूक काय ते मला अजून कुणी समजावून दिलेलं नाही. ७ मार्चला मिटमिट्यात दगडफेक झाली, जाळपोळ झाली, लाठ्या चालल्या. गाड्यांची आणि घरांची मोडतोड करणारे पोलीस कॅमेऱ्यात दिसले. प्रकरण विधानसभेत गेलं. पोलीस आयुक्तांना सक्तीच्या रजेवर पाठवलं, महापालिका आयुक्तांची बदली झाली. आयुक्तांनी कचरा उचलला नाही, शेवटी कचऱ्यानंच दोन आयुक्त उचलले.

पेपरांनी याला 'कचराकोंडी' नाव दिलं आणि ते चिकटलं. पण त्या कोंडीत एक गोष्ट शिकायला मिळाली, ती फारशी कुणी शिकलं नाही. गल्ल्यागल्ल्यांत जे कुजलं, ज्याला वास आला, ज्यात किडे झाले, तो ओला कचरा होता. कोंडी झाल्यावर महापालिकेनं वॉर्डावॉर्डात खड्डे खणले, ओला कचरा इथंच जिरवा म्हणाली, वर्गीकरण करा म्हणाली. हेच आधी म्हणाली असती तर? वर्गीकरणाचा नियम काही त्या मार्चमध्ये आला नव्हता. केंद्राचे घनकचरा व्यवस्थापन नियम एप्रिल २०१६ मध्येच आले होते. त्यात ओला, सुका आणि घरगुती घातक असं वेगळं करायला सांगितलं होतं. जवळपास दोन वर्षं ते फायलीत सुखरूप होते.

पुण्याची गोष्ट वेगळी, पण चुलत्याच्या घरातली. तिथं 'स्वच्छ' नावाची कचरावेचकांची सहकारी संस्था दारोदार जाऊन कचरा गोळा करते. हातात झाडू-पोतं असलेल्या बायकांनी उभी केलेली. करोनात सगळं शहर दाराला कडी घालून बसलं तेव्हा या बायका दारापुढं हजर होत्या. २०२० च्या अखेरीस त्यांचा महापालिकेशी असलेला करार संपला. मग? मग मुदतवाढ. ती संपली की आणखी मुदतवाढ. महिना, दोन महिने, थोडं थांबा, विषय समितीपुढं आहे. जिनं साथीच्या काळात एक दिवस खाडा केला नाही, तिला कागदावर पुढच्या महिन्याची शाश्वती नव्हती. खंड कामात नव्हता, महापालिकेच्या मनात होता.

आणि कुणाला वाटत असेल की हे आपल्याकडंच, तर साहेबाच्या देशात जाऊन या. बर्मिंगहॅमची कौन्सिल ही युरोपातली सर्वांत मोठी स्थानिक स्वराज्य संस्था म्हणून सांगतात. २०२३ मध्ये तिनंच खजिना रिकामा झाल्याचं जाहीर केलं. मग काटकसर सुरू झाली, आणि ती नेहमीप्रमाणं कचरागाडीच्या मागं उभ्या असलेल्या माणसापासून. गाडीवरचं एक पद रद्द करायचं ठरलं, पगार कमी होणार म्हणून कामगार चिडले. ११ मार्च २०२५ पासून बेमुदत संप. महिनाअखेर सतरा हजार टन कचरा रस्त्यावर, उंदीर मांजराएवढे झाल्याच्या बातम्या, कौन्सिलनं 'गंभीर घटना' जाहीर केली, पुढं सरकारनं नियोजनाला लष्कराचे अधिकारी बोलावले. २०२५ उलटलं तरी संप मिटला नव्हता.

पण एक फरक बघा, आणि तो मान्य करायला मला त्रास होतोय. त्यांनी ठरवलं की सुका कचरा थांबवायचा आणि असतील तेवढ्या गाड्या कुजणाऱ्या कचऱ्यामागं लावायच्या. ठरलेल्या दिवशी ठरलेल्या चौकात गाडी उभी राहील, पिशव्या आणून द्या, असं वेळापत्रक काढलं. लोक रांगेत उभे राहिले, भांडले, शिव्या दिल्या. तरी त्यांना गाडीची जागा आणि वेळ माहीत होती. आपल्याकडं 'पुढील सूचनेपर्यंत'. आणि पुढील सूचना म्हणजे थेट स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा.

संपाचा विषय निघाला की गावात एक सूर ठरलेला असतो. 'हे लोक वेठीला धरतात.' कोण लोक? ज्याला ठेकेदारानं दोन महिने पगार दिलेला नाही तो. ज्याचा भविष्य निर्वाह निधी कापला जातो पण भरला जातो की नाही हे त्याला कुणी सांगत नाही तो. कायम कामगाराला लाड-पागे समितीच्या शिफारशींनी निदान वारसाला नोकरीचा आधार दिला. ठेक्यावरच्या पोराच्या वाट्याला समितीही नाही आणि पागेही नाहीत. किमान वेतन नावाची गोष्ट भिंतीवर चिकटवलेली, तीही अशा भिंतीवर जिच्यापुढं कचऱ्याचा ढीग आहे.

२२ मार्च २०२० ला संध्याकाळी पाचला आपण सगळ्यांनी गच्चीवर, ओट्यावर उभं राहून थाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांत हेही लोक होते. काही गावांनी त्यांना हार घातले, पाय धुतले, फोटो काढले. हातमोजे मात्र 'मागणी नोंदवली आहे'. आणि आज तीच माणसं पगारासाठी बसली की मेस्मा लावा म्हणतात. अत्यावश्यक सेवा! काम अत्यावश्यक, पगार ऐच्छिक.

एक साधी गोष्ट आहे. कामबंद सुरू व्हायच्या आधी निवेदन येतं, त्याला आवक क्रमांक पडतो, त्यावर तारीख असते. 'अमुक दिवसांत थकीत वेतन न दिल्यास' वगैरे. ते निवेदन म्हणजे नगरपंचायतीला मिळालेली आगाऊ सूचना असते. त्या अमुक दिवसांत काय होतं? निवेदन देतानाचा फोटो पेपरात येतो. बाकी काही होत नाही.

पावसाचंही तेच. आपली माती काळी, रेगडी. उन्हाळ्यात भेगा, पावसात चिखल. गावाबाहेरच्या डंपिंगपर्यंत डांबरी रस्ता नेण्याची कुणाला हौस नसते, कारण त्या वाटेनं मतदार जात नाहीत. २०२५ च्या सप्टेंबरात धाराशिव जिल्ह्यानं जो पाऊस पाहिला, भूम-परंड्याकडं माणसं हेलिकॉप्टरनं काढावी लागली, त्या पावसाला मी अपरिहार्य म्हणतो, बिनतक्रार म्हणतो. पण दरवर्षीच्या साध्या मृगाच्या पावसातही गाडी डंपिंगपर्यंत पोचत नसेल, तर दोष मृगाचा नाही. चार ब्रास मुरूम आधी टाकला असता तर भागलं असतं. पंधराव्या वित्त आयोगाच्या बंधित निधीत स्वच्छतेसाठी पैसा राखून ठेवलेला होता. पैसा राखलेला असतो, वाट राखलेली नसते.

बरं, आपल्याला जमत नाही असंही नाही. तुळजापूर आपल्याच जिल्ह्यात. नवरात्रात आणि अश्विन पौर्णिमेला सोलापूरकडून माणसांच्या रांगा पायी येतात. गाव केवढं आणि गर्दी केवढी. तरी झाडायला जादा माणसं येतात, पाळ्या लागतात, गाड्या लागतात. पंढरपूर तर लाखभर वस्तीचं. आषाढीला दहा लाखांवर वारकरी येतात, राहतात, जेवतात, जातात, आणि मागं जे उरतं ते उचललं जातं. कसं जमतं? एकादशी कधी आहे ते कालनिर्णयात असतं. बैठक आधी होते, कुणाची ड्युटी कुठं ते लिहिलेलं असतं. शिवाय मंत्री येणार असतात. म्हणजे तारीख माहीत असेल आणि मोठा माणूस येणार असेल तर हेच प्रशासन कचऱ्याला पुरून उरतं. ठेका संपायची तारीख तेवढीच पक्की असते. त्या दिवशी कुणी मंत्री येत नाही, एवढाच फरक.

आता कुणीतरी म्हणेल, टीका सोपी आहे, उपाय सांगा. उपाय सांगून झालेला आहे, करूनही झालेला आहे, कोकणात. वेंगुर्ला नगरपरिषदेत रामदास कोकरे मुख्याधिकारी होते. त्यांनी कचरा घरातच वेगळा करून घेतला, मिसळलेला कचरा गाडी घेणार नाही म्हणून सांगितलं आणि खरंच घेतला नाही. प्लास्टिक रस्त्याच्या कामाला लावलं, ओल्याचा गॅस आणि खत केलं. गावाबाहेरचा कचरा डेपो असा केला की लोक तो बघायला जाऊ लागले. डेपो बघायला! आपण डेपोवरून जाताना बसच्या काचा लावतो.

वेंगुर्ल्याचं सगळेजण कौतुक करतात ते स्वच्छतेसाठी. मला त्यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. ज्या गावात ओला कचरा आणि सुका कचरा एकमेकाला शिवत नाहीत, तिथं गाडी पंधरा दिवस आली नाही तरी घर सडत नाही. सुका कचरा पोत्यात पडून राहतो, त्याला ना वास ना घाई. ओल्याचा बंदोबस्त झाला की संप, पाऊस, निविदा, टायर, सगळ्यांची धारच जाते. आणि लोहाऱ्यासारख्या गावात ओल्याचा बंदोबस्त करायला जागा नाही असं कुणी म्हणू नये. दहांतल्या सहा घरांना परसू आहे, नाहीतर वावर आहे, नाहीतर शेजाऱ्याची म्हैस आहे. आपल्या आजोबांनी हे विनानिविदा केलं होतं. पण आपण भाजीची देठं प्लास्टिकच्या पिशवीत घालतो, पिशवीला गाठ मारतो, आणि ती गाठ म्हशीच्या पोटात सुटेल म्हणून सोडून देतो. इथं नगरपंचायतीला शिव्या देऊन भागत नाही, याची नोंद घ्यावी. विशेषतः ज्यांनी आतापर्यंतचे परिच्छेद मान डोलावत वाचले त्यांनी.

त्यात आता नवे नियम. १ एप्रिल २०२६ पासून कचऱ्याचे चार भाग. ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा. नियम उत्तम आहे. चार रंगांचे डबे वाटले जातील, वाटपाचा कार्यक्रम होईल, डब्यावर कुणाचा फोटो छापायचा यावर थोडा वाद होईल. मग लोक त्यात धान्य ठेवतील, कारण डबे चांगले असतात आणि गाडी एकच असते. तीत चारही डबे एकाच ढिगात ओतले गेले की तुमची सगळी विशेष काळजी संपली.

तेव्हा नगरपंचायतीकडं मागायचं ते फार मोठं नाही. सविस्तर प्रकल्प अहवाल नको, सल्लागार नको, अभ्यास दौरा तर नकोच. कार्यालयाच्या दारावर एक कागद लावा. ठेका अमुक तारखेला संपतो. त्याच्या तीन महिने आधी निविदा निघेल. गाडी दोन दिवसांहून जास्त बंद राहिली तर अमुक चौकात, अमुक वेळेला ट्रॅक्टर उभा राहील, ओला कचरा तिथं द्यायचा, सुका घरात ठेवायचा. गाव ट्रॅक्टरांनी भरलेलं आहे, सुगी नसेल तेव्हा भाड्यानं मिळतात, दर आधी ठरवून ठेवा. बंद मिटल्यावर जुने ढीग इतक्या दिवसांत उचलले जातील. आणि कामगारांचा पगार ठेकेदारानं केला नाही तर त्याच्या देयकातून कापून थेट दिला जाईल. मूळ मालकाची ही जबाबदारी १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यातच लिहिलेली होती, नवं काही शोधायचं नाही. एवढं एका पानावर बसतं. अक्षर मोठं असेल तर पाठपोट.

हा कागद लागला तर मी हा लेख मागं घेईन आणि पुढच्या आठवड्यात डासांवर लिहीन.

तोवर वाचकांनी एक करावं. आपल्या प्रभागाच्या नगरसेवकांना भेटून गटार, दिवे, नळ काही विचारू नका. एकच विचारा: 'सफाईचा ठेका कधी संपतो?' त्यांना माहीत असेल तर चहा पाजा. नसेल तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. दहा रुपये फी लागते आणि उत्तराला तीस दिवसांची मुदत असते. ठेका त्याआधीच संपत असण्याची शक्यता आहे, म्हणून अर्ज आजच टाका.